विश्लेषण : कॅनडाच्या ‘पीआर’साठी पात्र असूनही आमंत्रण का येत नाही? गुणांचे गणित कुठे अडते?

अभियांत्रिकीची पदवी, तीन वर्षांचा अनुभव आणि ‘आयईएलटीएस’मध्ये चांगले बँड असले की ‘तुम्ही कॅनडाच्या पीआरसाठी पात्र आहात’, असे सल्लागार सांगतात. ते खोटेही नसते. मात्र पात्र ठरणे आणि निवड होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमधले अंतर न समजल्याने अनेक तरुण घर तारण ठेवून कॅनडा गाठतात आणि वर्क परमिटची मुदत संपत आली तरी आमंत्रणाची वाट पाहत राहतात. हे गणित नेमके काय आहे, ते समजून घेऊ.

‘पीआर’ म्हणजे काय?

पीआर म्हणजे पर्मनंट रेसिडेन्स, अर्थात कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना. हे नागरिकत्व नव्हे. पीआरधारकाचा पासपोर्ट भारतीयच राहतो. त्याला कॅनडात कुठेही राहता येते, नोकरी करता येते, सरकारी आरोग्यसेवेचा लाभ मिळतो. मतदानाचा हक्क मात्र नसतो. हा दर्जा टिकवण्यासाठी पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहावे लागते. नागरिकत्वाच्या अर्जासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवसांचे वास्तव्य लागते. भारतात दुहेरी नागरिकत्वाची तरतूद नसल्याने ते घेतल्यावर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो.

‘एक्स्प्रेस एन्ट्री’ कशी चालते?

कुशल कामगारांसाठी ही पद्धत जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. इच्छुकाने आधी ऑनलाइन प्रोफाइल तयार करायचे असते. त्यासाठी शुल्क नाही. देशाबाहेरून येणाऱ्या कुशल कामगारांच्या गटात १०० पैकी ६७ गुण मिळाले की उमेदवार पात्र ठरतो. खरी स्पर्धा तिथून सुरू होते. पात्र उमेदवारांना वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांवर १,२०० पैकी गुण दिले जातात. ठरावीक काळाने फेरी निघते आणि सर्वाधिक गुण असलेल्यांना आमंत्रण जाते. त्यानंतर ६० दिवसांत प्रत्यक्ष पीआरचा अर्ज भरावा लागतो. थोडक्यात, हे अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राउंडसारखे आहे. फरक एवढाच की इथे उमेदवाराचे गुण दर वाढदिवसाला घटू शकतात.

पुण्यातून थेट अर्ज केल्यास किती गुण?

समजा, २९ वर्षांचा अविवाहित अभियंता आहे. चार वर्षांची पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव आहे. आयईएलटीएसमध्ये ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, संभाषणात प्रत्येकी ७ बँड आहेत. त्याला वयाचे ११०, पदवीचे १२० आणि इंग्रजीचे १२४ गुण मिळतात. चांगल्या इंग्रजीला पदवी व अनुभवाची जोड असल्याचे आणखी ७५ मिळतात. एकूण झाले ४२९. तो ६७ गुणांची पात्रता पार करतो. पण २०२५ मध्ये कॅनडात काम केलेल्यांसाठीच्या ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास’च्या फेऱ्यांचा कटऑफ ५१० च्या वरच राहिला. अनुभवाची अट पूर्ण नसल्याने त्या फेरीत त्याला बसताच येत नाही, आणि बसता आले असते तरी गुण कमीच पडले असते.

तिकडे शिकून, नोकरी करून गुण वाढतात का?

वाढतात, पण वाटतात तेवढे नाही. हाच अभियंता २९ व्या वर्षी कॅनडात दोन वर्षांच्या डिप्लोमाला गेला आणि नंतर एक वर्ष नोकरी केली, तर वयाच्या ३२ व्या वर्षी त्याचे गुण ५०१ होतात. आणखी एक वर्ष काम केल्यावर ५०८ आणि तिसऱ्या वर्षाअखेर, ३४ व्या वर्षी, ५१४. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत अनुभवाचे २४ गुण वाढले. पण वयाचे ११ कापले गेले. पदरात पडले फक्त १३. शिक्षणानंतर मिळणारा वर्क परमिट जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो आणि तो एकदाच मिळतो. त्यामुळे गुण कटऑफजवळ पोहोचतात, नेमकी तेव्हाच परमिटची मुदत संपते.

हे गणितही नोकरी योग्य प्रकारची असेल तरच लागू होते. दुकानातील विक्रेता, फास्ट फूडचा काउंटर किंवा डिलिव्हरी यांसारख्या कामांचा अनुभव या गुणांत धरला जात नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर मिळेल ते काम धरावे लागते. पगार मिळतो, पण पीआरच्या हिशेबात ते वर्ष शून्य ठरते.

कटऑफ चढा का?

घरांची टंचाई आणि सार्वजनिक सेवांवरील ताण ही कारणे देत कॅनडा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्थलांतराचे लक्ष्य घटवले. २०२५ साठी आधी ठरलेले ५ लाखांचे लक्ष्य ३ लाख ९५ हजारांवर आणले. नोव्हेंबर २०२५ च्या आराखड्यात २०२६ ते २०२८ या तिन्ही वर्षांसाठी ते ३ लाख ८० हजार ठेवले आहे. आधीच्या वर्षांत शिकायला गेलेले विद्यार्थी मात्र आता याच रांगेत आहेत.

त्यातच २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० अतिरिक्त गुण बंद झाले. या गुणांसाठी ऑफरची कागदपत्रे पैसे देऊन मिळवण्याचे प्रकार वाढल्याने हा निर्णय झाला. प्रामाणिकपणे ऑफर मिळवलेल्यांचेही गुण त्यात गेले.

मग कोणते मार्ग उरतात?

पहिला मार्ग फ्रेंचचा. २०२३ पासून ठरावीक गटांसाठी स्वतंत्र फेऱ्या निघतात. त्यात आरोग्यसेवा, कुशल कारागिरी यांच्याबरोबर फ्रेंच भाषेचा गट आहे. २१ मार्च २०२५ च्या फ्रेंच फेरीचा कटऑफ ३७९ होता. वरील अभियंत्याने पुण्यात राहूनच साधारण बी-२ पातळीचे फ्रेंच चारही कौशल्यांत मिळवले, तर त्याचे ४२९ गुण ४९१ होतात आणि या फेरीचे दारही उघडते. अर्थात त्या पातळीला शून्यापासून पोहोचायला दीड-दोन वर्षांचा नेटाने अभ्यास लागतो.

दुसरा मार्ग प्रांतांचा. एखाद्या प्रांताने नामांकन दिले की थेट ६०० गुण मिळतात. या कार्यक्रमाचा कोटा २०२५ मध्ये निम्म्यावर, ५५ हजारांवर आला होता; २०२६ साठी तो वाढवला आहे. प्रत्येक प्रांताचे निकष वेगळे असतात आणि ते बदलत राहतात.

तिसरी गोष्ट निवडीची. डिप्लोमाऐवजी दोन वर्षांची मास्टर्स पदवी घेतली असती, तर याच अभियंत्याचे ३२ व्या वर्षीचे गुण ५०१ ऐवजी ५२३ झाले असते. इंग्रजीची एक पायरी वर चढल्यास १२ गुण वाढतात, म्हणजे दोन वर्षांच्या नोकरीतून उरले जवळपास तेवढेच.

फसगत कुठे होते?

‘पीआरची हमी’ कोणताही सल्लागार देऊ शकत नाही, कारण पुढच्या फेरीचा कटऑफ कोणालाच आधी माहीत नसतो. शुल्क घेऊन प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार केवळ परवानाधारक सल्लागार, कॅनडातील वकील आणि क्युबेकमधील नोटरी यांनाच आहे. अनुभवपत्र खोटे निघाले तर पाच वर्षांची बंदी येते, आणि एजंटने परस्पर जोडले असले तरी जबाबदारी अर्जदाराचीच असते. १ नोव्हेंबर २०२४ नंतर स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्यांना कॉलेजच्या प्रत्येक डिप्लोमानंतर वर्क परमिट मिळतोच असे नाही. त्यासाठी अभ्यासक्रम ठरावीक विषयांतील असावा लागतो. त्यामुळे फी भरण्यापूर्वी तो विषय यादीत आहे का, हे पाहायला हवे. सरकारी संकेतस्थळावर गुण मोजण्याचे कॅल्क्युलेटर मोफत आहे. त्यात आजचे वय न टाकता शिक्षण आणि पहिले वर्ष नोकरी संपेल तेव्हाचे वय टाकून पाहिले, तर कर्ज काढण्यापूर्वीच खरा आकडा समोर येतो.