आयते बिऱ्हाडकरू

एखाद्या कुटुंबाने पैसे मोजून नवे घर विकत घ्यावे, मोठ्या हौसेने कुलूप उघडावे, आणि आत पाहावे तो तेथे आठ-दहा माणसे आधीच बिऱ्हाड थाटून बसलेली! एक ओसरीवर, एक माजघरात, एकाने तर स्वयंपाकघराची वाटच अडवलेली. विचारावे तर ती म्हणतात, "आम्हांला घर बांधणाऱ्याने ठेवले आहे. आम्ही तुमच्या सोयीसाठीच आहो." अशा वेळी घरमालकाला काय वाटेल? हा प्रसंग तुम्हांला काल्पनिक वाटेल. परंतु नवा संगणक घरी येतो, तेव्हा पुष्कळदा असेच घडत असते.

संगणक पहिल्यांदा सुरू केला की पडद्यावर लहान लहान चित्रांच्या रांगा दिसू लागतात. त्यांतील एकेक चित्र म्हणजे एकेका प्रोग्रॅमचे दार. इंटरनेटवरील पाने दाखवणारा ब्राउझर तेथे असतो. पत्रे पाठवण्याची सोय असते. संगणकाला उपद्रव देणाऱ्या विषाणूंपासून रक्षण करणारा एक पहारेकरीही असतो. हा पहारेकरी काही दिवस फुकट पहारा देतो, आणि मग पगार मागू लागतो! ह्यांपैकी कोणालाही आपण बोलावलेले नसते. काहींनी तेथे जागा मिळावी म्हणून संगणक बनवणाऱ्या कंपनीला पैसे दिलेले असतात. काहींना ठेवून घेण्याची अट त्या कंपनीवर दुसऱ्याच कोणी घातलेली असते.

तथापि ह्या रिवाजाला सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. संगणक अगदी रिकामा विकला गेला, तर आजी-आजोबांनी तो सुरू तरी कसा करावा? इंटरनेटवरून ब्राउझर मिळवावा म्हटले, तर इंटरनेटवर जाण्यासाठीच आधी ब्राउझर हवा! कोणीतरी सुरुवात करून द्यावी लागते. माझा आक्षेप आयते देण्याला नाही. आलेला बिऱ्हाडकरू उठता उठत नाही, ह्याला आहे. आणि त्याहूनही अधिक, आपण दुसरीकडे जाऊ लागलो की आपला पत्ता तो स्वतःपाशी अडकवून ठेवतो, ह्याला आहे. हे कसे घडते ते समजण्यासाठी थोडे मागे, आणि थोडे दूर, अमेरिकेत गेले पाहिजे. कारण ह्या भांडणाची मोठी लढाई तेथे झाली.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २४ ऑगस्ट १९९५ रोजी 'विंडोज ९५' ही ऑपरेटिंग सिस्टीम विक्रीस काढली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा मूळ कारभारी. त्याच्यावाचून इतर कोणताही प्रोग्रॅम हलत नाही. त्या काळी घरच्या संगणकावर इंटरनेट येई ते टेलिफोनच्या तारेतून. मोडेम नावाचे यंत्र टेलिफोनला जोडावयाचे, संगणकाने सेवा देणाऱ्या कंपनीचा क्रमांक फिरवावयाचा, मग कितीतरी वेळ किरकिर, घरघर असे आवाज होत, आणि जोडणी होई. तेवढ्यात घरातल्या कोणी फोन उचलला, की ती तुटून जाई. अशी सेवा देणाऱ्या कंपन्या अनेक होत्या. अमेरिका ऑनलाइन, कॉम्प्युसर्व्ह आणि प्रॉडिजी ही त्यांतील ठळक नावे. मायक्रोसॉफ्टनेही स्वतःची तशी सेवा काढली होती. अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपनीकडे जावयाचे, तर तिचा प्रोग्रॅम संगणकात असावा लागे. म्हणून नव्या संगणकाच्या पडद्यावर आपले चित्र असावे, ह्यासाठी ह्या कंपन्यांची धडपड चाले. भर पेठेतल्या गाळ्यासाठी व्यापाऱ्यांची चालते, तशीच.

कॉम्पॅक ही त्या वेळच्या सर्वांत मोठ्या संगणक-उत्पादकांपैकी एक. तिने अमेरिका ऑनलाइनशी करार केला, आणि आपल्या प्रेसारिओ नावाच्या संगणकांवरून मायक्रोसॉफ्टच्या सेवेचे व मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरचे चित्र काढून टाकले. संगणक तिचा, विकणार ती. मग पडद्यावर काय मांडावे, हे तिने ठरवले तर बिघडले कोठे? परंतु ३१ मे १९९६ रोजी मायक्रोसॉफ्टचे पत्र आले: चित्रे परत बसवा, नाहीतर विंडोज वापरण्याचा तुमचा परवाना रद्द करू. विंडोजवाचून संगणक विकणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. एवढी मोठी कंपनी, पण तिला नमावे लागले. चित्रे परत आली. जेथे कॉम्पॅकचे काही चालले नाही, तेथे एकट्यादुकट्या ग्राहकाची काय कथा?

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात आणखी एक मौजेचा सौदा झाला होता. मायक्रोसॉफ्टने अमेरिका ऑनलाइनला, म्हणजे आपल्याच सेवेच्या प्रतिस्पर्ध्याला, विंडोजच्या पडद्यावर जागा देऊ केली. मोबदला काय? तर अमेरिका ऑनलाइनने आपल्या लक्षावधी ग्राहकांना मायक्रोसॉफ्टचाच ब्राउझर द्यावा. स्वतःच्या सेवेचे नुकसान झाले तरी चालेल, पण ब्राउझर सर्वत्र आपला असावा, असा हा हिशेब. पडद्यावरच्या त्या बोटभर जागेचे मोल किती होते, ते ह्यावरून ध्यानात यावे. ह्या साऱ्या घासाघिशीत, संगणक ज्याच्या घरी जावयाचा त्या माणसाला कोणी काही विचारल्याचे मात्र दिसत नाही.

पुढे १९९८ च्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. कॉम्पॅकची हकीकतही ह्या खटल्यात पुढे आली. न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी २००० साली कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. वरिष्ठ न्यायालयाने २००१ मध्ये तो हुकूम रद्द केला. परंतु कंपनीने आपली मक्तेदारी टिकवण्यासाठी गैरमार्ग अवलंबले, हा ठपका कायम ठेवला. त्यानंतर झालेल्या तडजोडीने संगणक-उत्पादकांना अशी चित्रे झाकण्याची मोकळीक मिळाली.

येथवर झाली ती बिऱ्हाडकरू घरात कसा शिरतो ह्याची कथा. आता आपण सेवा बदलावयास निघालो की काय होते, ते पाहू. अमेरिका ऑनलाइनच्या ग्राहकाला कंपनीकडून ई-मेलचा पत्ता मिळे, आणि त्या पत्त्याच्या शेवटी कंपनीचे नाव असे. मित्र, नातेवाईक, कचेऱ्या, सर्वांजवळ तोच पत्ता. दुसऱ्या कंपनीची सेवा स्वस्त असो वा जलद असो, पहिली सोडली की पत्ता गेला! येणारी पत्रे कोठे जाणार? म्हणून नाखुशीने का होईना, पुष्कळ लोक दरमहा पैसे भरत राहिले. त्या कंपनीने ऑगस्ट २००६ मध्ये ई-मेल सर्वांना विनामूल्य केले, तेव्हा कोठे सेवा सोडूनही पत्ता ठेवता येऊ लागला. तिची टेलिफोनवरून जोडणी देणारी सेवा तर ३० सप्टेंबर २०२५ रोजी कायमची बंद झाली.

आपल्या देशात सर्वसामान्य जनतेसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगम ह्या सरकारी कंपनीने ही सेवा मुंबईसह चार महानगरांत सुरू केली. १९९८ अखेर खाजगी कंपन्यांना परवानगी मिळेपर्यंत ग्राहकाला दुसरीकडे जाण्याचा विचारच करावा लागत नव्हता. दुसरीकडे असे काही नव्हतेच. येथेही ई-मेलच्या पत्त्याला निगमाच्या नावाचे शेपूट असे. कंपन्या आल्या, निवड करता येऊ लागली, परंतु पत्ता सोबत नेता येईना.

आता मोबाइल फोनची गोष्ट पाहा. पूर्वी कंपनी बदलली की क्रमांकही बदले. २० जानेवारी २०११ पासून आपल्या देशभर असा नियम झाला, की कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवता येईल. आणि ३ जुलै २०१५ पासून तर एका भागातून दुसऱ्या भागात गेले तरी तो कायम राहू लागला. क्रमांक कंपनीचा न राहता जणू माणसाचा झाला. सेवा वाईट असेल तर ग्राहक क्रमांकासकट उठून जाईल, हे कंपनीला ठाऊक असते. फोनच्या बाबतीत जे करता आले, ते ई-मेलच्या पत्त्याबाबत का होऊ नये? निदान सेवा सोडल्यानंतर वर्षभर जुन्या पत्त्यावरची पत्रे नव्या पत्त्यावर धाडून देण्याचे बंधन कंपनीवर असावयास हवे. आपण गाव बदलले, तर टपाल कचेरी आपली पत्रे नव्या पत्त्यावर पाठवतेच की!

ह्यावर कोणी म्हणेल, "एवढा त्रागा कशाला? नको असलेला प्रोग्रॅम काढून टाकावा, दुसरा घ्यावा. कोणी हात धरला आहे?" हे म्हणणे वरवर खरे आहे. परंतु जे समोर असते तेच माणूस वापरतो, हा मनुष्यस्वभाव आहे आणि व्यापाऱ्यांना तो पुरता ठाऊक आहे. आपले शोधयंत्र ब्राउझरवर आणि फोनवर आधीपासून लावलेले असावे, ह्यासाठी गूगल कंपनीने २०२१ ह्या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले. ही गोष्ट अमेरिकेतील खटल्यात उघड झाली, आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी ह्या व्यवहारातून कंपनीने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. बदलणे जर इतके सोपे असते आणि लोक बदलत असते, तर त्या जागेसाठी एवढी रक्कम कोणी ओतली असती काय? आपल्या देशातही भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनवरील आयत्या प्रोग्रॅमांच्या सक्तीसह काही व्यवहारांबद्दल ह्याच कंपनीला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. अपील-न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये आयोगाचे काही आदेश रद्द केले, पण दंड कायम ठेवला.

न्यायालये आपले काम करतील तेव्हा करतील. घरच्या संगणकाचे काय? आता बहुतेक ठिकाणी इंटरनेट येते ते राउटर नावाच्या पेटीतून. संगणक ओळखतो तो त्या पेटीला. तिच्यामागे कोणत्या कंपनीची तार आहे, ह्याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. म्हणून कंपनी बदलली, तर नव्या पेटीचे नाव व पासवर्ड संगणकाला सांगितला की बहुधा काम भागते. जुन्या कंपनीने 'मदतीसाठी' म्हणून एखादा प्रोग्रॅम घातला असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून तो काढून टाकावा. संगणकाच्या सेटिंगमध्ये सर्व बिऱ्हाडकरूंची यादी असते. ती एकदा घरातल्या सर्वांनी मिळून वाचण्यासारखी आहे. जो कशाकरिता आहे ते कोणालाच सांगता येत नाही, त्याची चौकशी करावी. घाईने मात्र काही काढू नये. कारभाऱ्यालाच बाहेर काढले, तर घर चालावयाचे नाही.

ई-मेलचा पत्ता मुळात इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून घेऊच नये. दुसरीकडचा घ्यावा, तोही कोणत्या तरी कंपनीचाच असतो, हे खरे, परंतु तारेचा आणि पत्राचा धनी निराळा राहतो. ज्यांना जमेल त्यांनी वार्षिक शुल्क भरून इंटरनेटवर स्वतःचे नाव नोंदवावे. २०१४ पासून तर शेवटी 'भारत' असलेली नावे आपल्या देवनागरी लिपीतही नोंदवता येतात. असे नाव असले, की पत्रे सांभाळणारी कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. जुनाच पत्ता चालू असेल, तर कंपनी सोडण्याआधी त्यावरची जपून ठेवण्याजोगी पत्रे उतरवून घ्यावी. बँक, वीजमंडळ, शाळा, विमा अशी ज्यांना तो दिला आहे त्यांची यादी करावी, आणि प्रत्येकाला नवा पत्ता कळवावा. जुनी जोडणी त्यानंतरच बंद करावी. आणि राउटरची पेटी कंपनीची असेल, तर ती परत केल्याची पावती मागून घ्यावी.