ओळखीच्या जागा

शास्त्रीय संगीत आवडत नाही असे सांगणाऱ्या आमच्या बहुतेक मित्रमैत्रिणींचे कारण ठरलेले असते : "सगळे सारखेच वाटते!" यमनाची कोणतीही चीज घ्या, गवई त्याच वाटेने पुन्हा गांधारावर येतो. तबलजी तीच तिहाई वाजवून समेवर उतरतो. मग नवे ते काय? हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्यातले निरीक्षण अगदी बरोबर आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम सुरांचे पाहू. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सूर तेच पाच : सा, रे, ग, प, ध, आणि पाचही शुद्ध. पेटीच्या पट्ट्या मोजून त्यांच्यातला फरक सांगता येणार नाही. तरी भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग आणि देशकार सकाळचा. पं. भातखंडे यांनी तर भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात घातला. भूपात मान गांधाराचा. 'ग रे, सा ध़ सा, रे ग' असे फिरून सूर गांधारावर विसावले की भूप उभा राहतो. देशकारात राज्य धैवताचे. गाणे वरच्या अंगाने चालते आणि ऋषभाला ओझरता स्पर्श होतो. म्हणजे रागाची ओळख सुरांच्या यादीत नाही, ती सुरांच्या जोडणीत आहे. ही जोडणी मोडली तर नवा भूप जन्माला येत नाही. होता तो नाहीसा होतो. त्या रागातल्या शंभर बंदिशींत तीच स्वरसंगती सापडते, ती गवयांना दुसरे काही सुचले नाही म्हणून नव्हे.

लयीचेही तसेच. त्रितालाच्या मात्रा 16 आणि नवव्या मात्रेवर खाली. तिथून 'तिटकत गदिगन धा' हा तीन मात्रांचा तुकडा तीनदा वाजवला की नऊ मात्रा भरतात आणि शेवटचा 'धा' बरोबर पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडतो. तबल्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा हिशेब ठाऊक असतो. तिहाईचे हेच तत्त्व कथकात पायांनी आणि सतारीवर तारांनी मांडले जाते. हिशेब कळलेला श्रोता दुसऱ्या 'धा'लाच सावरून बसतो आणि तिसऱ्या 'धा'ला त्याची मान आपसूक हलते. एखादा कलावंत मुद्दाम समेच्या किंचित आधी किंवा नंतर उतरला, तर त्यातली गंमतही त्यालाच कळते. ज्याची वाटच पाहिली नाही, ते चुकवल्याची मौज कशी कळणार?

मग ही ओळख करून देणार कोण? एके काळी हे काम मराठी रंगभूमीने केले. 1916 साली 'संगीत स्वयंवर' रंगभूमीवर आले. त्याच्या पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या आणि त्यांपैकी अनेक चाली ख्यालाच्या बंदिशींवरून घेतल्या. पिटातला प्रेक्षक राग शिकला नव्हता. पण पदे गुणगुणता गुणगुणता यमन आणि भूप त्याच्या कानात बसले. आज तो पूल जवळजवळ मोडला आहे. 'सगळे सारखे' म्हणणाऱ्या माझ्या पिढीचा दोष अरसिकतेचा नाही. तिची ओळखच कोणी करून दिलेली नाही.

पण दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. संगीताच्या परीक्षेला बसणारे आमचे काही मित्र रागाची पकड वहीत उतरवून घेतात, पाठ करतात आणि परीक्षकापुढे जशीच्या तशी म्हणून मोकळे होतात. ओळखीची जागा हे घराचे दार आहे, घर नव्हे. किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकावा. गांधार तोच, पण त्या गांधारापर्यंत पोचण्याची त्यांची तऱ्हा वहीत उतरत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या ठिकाणी स्वतःच्या वाटेने जाणे, यालाच मी गायकी म्हणतो.

आपल्या महाविद्यालयात गाण्याचे कार्यक्रम होतात ते स्नेहसंमेलनापुरते. त्याऐवजी पंधरवड्यातून एक तास श्रवणवर्ग का भरवू नये? एक राग घ्यावा आणि दोन गायकांची ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत. खर्च काही नाही. रेकॉर्ड शोधत हिंडण्याचे दिवस गेले, आता ती प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. भाषण नको, हारतुरे नकोत. ओळखीची जागा आली की ऐकणाऱ्याने फक्त हात वर करावा. पहिल्या दिवशी दोन हात वर होतील, सहामाहीअखेर वीस होतील. त्या वीस जणांना शास्त्रीय संगीत आवडेलच अशी हमी मी देत नाही. पण नाकारायचे झाले तरी ते ओळखून नाकारतील. पुढे गावात एखादी मैफल झाली, तर समेला योग्य ठिकाणी 'वा!' म्हणणारे चार तरुण श्रोते तिथे असतील. गाणाऱ्यांइतकीच गरज आज त्यांचीही आहे.