गिल्डची तिजोरी आणि नवा मेंबर: माणूस ओळखत बसू नका, मर्यादा ठरवा



'पहिला कामगार ठेवताना' हा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "सर, समोरचा माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे ओळखायचं कसं?"

माझं स्पष्ट मत सांगतो. खात्रीने ओळखता येत नाही. पहिल्या महिन्यात तर नाहीच, आणि काही वेळा वर्षभरातही नाही. म्हणून धंद्याची सुरक्षा या ओळखण्यावर उभी करू नका.

हे पटवायला आज किराणा दुकानाचं उदाहरण देणार नाही. ऑनलाइन गेम खेळणाऱ्या ग्रुपचं देणार आहे. हसू नका! पैसे लावून खेळायच्या गेमबद्दल मी बोलत नाहीये. हजारो लोक एकाच जगात खेळतात, ग्रुप करतात आणि कमावलेला माल एका सामाईक तिजोरीत ठेवतात, अशा गेमबद्दल बोलतोय. तिथे रोज अनोळखी माणसं आत येतात. आधार कार्ड नाही, गावचा पत्ता नाही, ओळखीचा जामीन नाही, खरं नावसुद्धा माहीत नाही. तरीही कितीतरी ग्रुप वर्षानुवर्षं चालतात. ते कसे चालतात, हे नव्या उद्योजकाने बघण्यासारखं आहे.

वर्षभर गोड वागलेला चोर

ईव्ह ऑनलाइन नावाचा गेम आहे. आइसलंडच्या सीसीपी कंपनीने तो २००३ मध्ये सुरू केला. अंतराळातली जहाजं, खाणकाम, व्यापार, लढाया असं सगळं त्यात आहे. खेळाडूंच्या ग्रुपला तिथे कॉर्पोरेशन म्हणतात. त्याला सीईओ असतो, डायरेक्टर असतात, सामाईक पैसे असतात आणि गोदामं असतात. गोदामाला तिथे हँगर म्हणतात.

या गेमची खासियत म्हणजे गेमच्या आत केलेली फसवणूक कंपनी चालवून घेते. दुसऱ्याचं अकाउंट हॅक केलं तर कारवाई होते. पण विश्वास संपादन करून तिजोरी साफ केली, तर कंपनी माल परत करत नाही. म्हणजे पोलीस नाही, कोर्ट नाही. जे काही सांभाळायचं ते तुमचं तुम्ही.

२००५ मध्ये 'गायडिंग हँड सोशल क्लब' या ग्रुपने 'युबिक्वा सेराफ' नावाच्या कॉर्पोरेशनच्या प्रमुखाची सुपारी घेतली. गेममधली सुपारी, अर्थात. त्यांनी आपली माणसं नवे मेंबर म्हणून आत सोडली. ही माणसं महिनोन् महिने कामं करत राहिली, लढत राहिली, मदत करत राहिली. त्यातला एक तर प्रमुखाचा उजवा हात झाला. मग ठरलेल्या वेळी एकाच दमात प्रमुखाचं जहाज उडवलं आणि हँगर रिकामे केले. नुकसान झालं सुमारे ३० अब्ज इस्क, म्हणजे गेममधलं चलन. त्या वेळच्या हिशोबाने त्याची किंमत जवळपास १६,५०० डॉलर धरली गेली.

आता मला सांगा, या माणसांना कोणत्या इंटरव्ह्यूत पकडलं असतं? वागणूक चांगली होती, काम चोख होतं. ईव्हमधले बरेच ग्रुप आजही नव्या मेंबरचा जुना रेकॉर्ड तपासतात, व्यवहार बघतात, आधीच्या ग्रुपमध्ये चौकशी करतात. ती जरूर करावी. त्याने भुरटा चोर दारातच अडतो. पण तयारीने आलेला माणूस कोरी पाटी घेऊनच येतो.

आणि जुना माणूस फिरला तर?

इथे दुसरी बाजू बघा. फेब्रुवारी २००९. 'बँड ऑफ ब्रदर्स' ही ईव्हमधली बलाढ्य युती होती. तिच्यातला एक डायरेक्टर शत्रूला, म्हणजे 'गूनस्वॉर्म'ला जाऊन मिळाला. तो काही नवा मेंबर नव्हता. त्याच्या हातात डायरेक्टरचे अधिकार होते, आणि त्या अधिकारात अख्खी युती बरखास्त करायची सोयही होती. तेवढं पुरलं. वर्षानुवर्षं लढून मिळवलेल्या प्रदेशावरचा हक्क गेला, आणि शत्रूने ते नावसुद्धा स्वतःकडे घेऊन टाकलं.

त्याच वर्षी 'ईबँक' या खेळाडूंनीच चालवलेल्या बँकेच्या प्रमुखाने सुमारे २०० अब्ज इस्क काढून घेतले आणि बाहेर खऱ्या पैशात विकले. त्याला साधारण ६,३०० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. घराचं डिपॉझिट आणि दवाखान्याचं बिल भागवायचं होतं, असं कारण पुढे आलं. कंपनीने त्याचं अकाउंट बंद केलं, पण ते खऱ्या पैशात विकल्याबद्दल. चोरीबद्दल नव्हे! बातमी फुटल्यावर ठेवीदारांची आपापले पैसे काढायला झुंबड उडाली.

तुमच्या लक्षात आलं असेल. एक चोर नवा होता, एक जुना होता आणि एक तर स्वतः मालक होता. तिघांत सारखं काय? एका माणसाच्या हातात इतकं होतं की तो फिरला की सगळं गेलं. म्हणून "हा माणूस कसा आहे?" या प्रश्नाच्या आधी "हा माणूस उद्या फिरला तर जास्तीत जास्त किती नेऊ शकतो?" हा प्रश्न विचारा. आणि तो आकडा आपल्याला झेपेल इतकाच ठेवा.

शहाणे ग्रुप काय करतात?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममध्ये ग्रुपला गिल्ड म्हणतात. सुरुवातीला गिल्डला स्वतःची तिजोरी नव्हती. कोणातरी एकाच्या अकाउंटवर सगळ्यांचा माल ठेवायचा, असा प्रकार होता. नोव्हेंबर २००७ मध्ये गिल्ड बँक आली. तिची रचना ऐका, तुमच्या दुकानाला जशीच्या तशी लागू पडते.

- खण वेगळे. स्वस्त माल एका खणात, महागाचा दुसऱ्यात. कोणता खण कोणाला उघडेल हे पदावर ठरतं.
- रोजची मर्यादा. कोणत्या पदाच्या मेंबरने दिवसाला किती वस्तू आणि किती पैसे काढायचे हे आधीच बांधून दिलेलं असतं. नव्याने चोरी केलीच, तर त्या दिवसाच्या मर्यादेएवढी.
- नोंद. कोणी काय ठेवलं, कोणी काय नेलं, ते नावासकट दिसतं.

ईव्हमध्येही हँगरचे सात भाग करता येतात. शिवाय माल बघण्याचा अधिकार वेगळा आणि उचलण्याचा वेगळा. आणि अधिकार असलेल्या मेंबरला ग्रुप सोडायचा असेल, तर आधी अधिकार सोडावे लागतात आणि मग २४ तास थांबावं लागतं. आपल्याकडे काय होतं? कामगार सोडून जातो, आणि दुकानाच्या फेसबुक पेजचा ॲडमिन तो वर्षभर तसाच राहतो.

एक जात आणखी आहे. या नव्या मेंबरला तिजोरी नको असते, तुमचं अकाउंटच हवं असतं. दोन दिवस गप्पा मारतो आणि म्हणतो, "मी एक गेम बनवलाय, जरा टेस्ट करून दे ना." फाइल उघडली की लॉगिन त्याच्याकडे. डिस्कॉर्डवर हा प्रकार बराच चालतो. अनोळखी फाइल उघडायची नाही, ओटीपी कोणालाही द्यायचा नाही, आणि ॲडमिनच्या अकाउंटला दुहेरी पडताळणी लावायचीच.

"सर, असं केलं तर चांगली माणसं टिकतील का?"

रास्त शंका आहे. ज्याच्यावर दिवसभर संशय घेतला जातो, तो चांगला माणूस पळणारच. पण मर्यादा आणि संशय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मर्यादा सगळ्यांना सारखी असते आणि पहिल्याच दिवशी सांगितलेली असते. 'ईव्ह युनिव्हर्सिटी' बघा. २००४ पासून हा ग्रुप नवख्या खेळाडूंना शिकवतोय, म्हणजे अनोळखी माणसं आत घेणं हेच त्यांचं काम. नव्यांना लागणारं साधं सामान ते हाताशी ठेवतात, आणि पुढचे अधिकार पायरी पायरीने देतात. सुरुवातीचं थोडं सामान कोणी पळवलंच, तर तो शिकवण्याचा खर्च. त्यासाठी दार बंद करायची गरज पडत नाही.

आणि नोंदीचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला होतो? प्रामाणिक नव्या माणसाला! गल्ल्यात ५०० रुपये कमी पडले की पहिलं बोट नव्या पोराकडे जातं. नोंद असेल तर तो सुटतो. नसेल तर तो बिचारा आयुष्यभर डाग घेऊन फिरतो, आणि तुम्ही एक चांगला माणूस गमावता.

आता तुमच्या दुकानाचं बोलू

ही पद्धत आपल्याला परकी नाही. बचत गटातल्या बायकांना विचारा. बँकेतून पैसे काढायला एकीची सही चालत नाही, दोघींची लागते. म्हणून कोणी रागावतं का? ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली यूपीआय सर्कलची सोयही तशीच. आपल्या खात्यातून दुसऱ्याला खर्च करू द्यायचा, पण मर्यादेत. सुरू झाली तेव्हा पूर्ण परवानगी दिलेल्या माणसाला एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपये ही कमाल मर्यादा होती.

आजच कागद घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात माणसाचं नाव. दुसऱ्यात त्याच्या हातात काय काय आहे: गल्ला, गोदामाची किल्ली, क्यूआर कोडचं खातं, गिऱ्हाइकांचे नंबर, जीएसटीचा पासवर्ड. तिसऱ्यात तो आकडा: हा माणूस उद्या फिरला तर किती जाईल? ज्या आकड्याने पोटात गोळा येईल, त्या ओळीतली निदान एक गोष्ट या आठवड्यात कमी करा, नाहीतर दुसऱ्या सहीला बांधा.

यादीत भाऊ, मेहुणा, जुना मित्र आणि पार्टनर यांचीही नावं घाला. स्वतःचंही घाला. मालकाला स्वतःच्या गल्ल्यातून न लिहिता पैसे उचलायची सवय असेल, तर नोंद ठेवा म्हणून कामगाराला कोणत्या तोंडाने सांगणार?