तळाशी उरलेले पाणी

इंदूरहून देपालपूरच्या बाजूला जाताना हातोदच्या परिसरात गंभीर नदीवर यशवंत सागर हा तलाव लागतो. इंदूर शहराच्या पाण्यासाठी होळकरांच्या राजवटीत तो बांधला गेला. जवळचे गौतमपुरा हे गाव मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचे. म्हणजे मराठी माणसाला हा मुलूख काही परका नाही. आपल्या गोमंतकाशी तर त्याचे नाते अलीकडेच जुळले. ऑगस्ट २०२२ मध्ये अवघ्या दहा दिवसांच्या अंतराने आपले कुडचड्याचे नंदा तळे आणि हा यशवंत सागर, दोघांचीही नावे रामसर यादीत जाहीर झाली. नंदा तळे ४२ हेक्टरांचे, यशवंत सागर सुमारे ८२३ हेक्टरांचा. आकार वेगळे असले तरी दोघांपुढचा प्रश्न एकच आहे.

यशवंत सागर बांधला तो नळांसाठी. पक्षी नंतर आले आणि घरचेच झाले. दुर्मीळ होत चाललेल्या सारस क्रौंचाचा मध्य भारतातला तो मोठा आधार. पाणी ओसरू लागले की उथळ काठ आणि छोटी बेटे उघडी पडतात आणि त्यांवर पाणपक्षी विसाव्याला उतरतात. तेव्हा पाणी ओसरणे हा अपघात नव्हे, ती तळ्याची रीतच आहे. अपघात होतो तो पाणी संपते तेव्हा. पावसाने दगा दिलेल्या वर्षी शहरालाही नेमके तेच तळाशी उरलेले पाणी हवे असते.

'आधी माणसांचे बघा, मग पाखरांचे' असे लोक म्हणतात. रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला सारसाचे महत्त्व सांगायला जाणे हा उद्धटपणाच होईल. पण हा प्रश्न आपण विचारतो कधी? मे महिन्यात, जेव्हा सगळीच उत्तरे वाईट असतात. तो विचारायला हवा ऑक्टोबरात, तळे भरलेले असताना. तळाशी किती पाणी राखायचे, टंचाई आली तर आधी कोणाचे पाणी कापायचे, हे तेव्हाच ठरले तर बांधकामे, गाड्या धुणे, बागा यांवर आधी कात्री चालेल आणि पिण्याचे पाणी शेवटपर्यंत टिकेल. आपल्या खाजन शेतीत मानस कधी उघडायची आणि कधी बंद करायची, हे ज्याच्या त्याच्या लहरीवर सोडलेले नव्हते. गावकारीची त्याला शिस्त होती. तीच शिस्त तळ्यांना का नसावी?

दुसरी गोष्ट, लांबून आलेले पाणी जवळच्या तळ्याचा विसर पाडते. १९७८ साली नर्मदेचे पाणी जलूदहून पंपांनी उचलून इंदूरला आले. शहराची तहान भागली, पण गरजाही वाढत गेल्या. पावलोपावली पाणी अशी ज्याची ख्याती, त्या माळव्यात कूपनलिका खोल खोल जात राहिल्या आणि १९९० साली शेजारच्या देवासला रेल्वेने पाणी पोचवावे लागले. स्पेनमधल्या डोनानाच्या प्रसिद्ध पाणथळीचीही अशीच गत झाली. तिच्या भोवतालच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांसाठी जमिनीखालचे पाणी उपसले गेले आणि वरची तळी आटू लागली.

याच देवासने पुढे वाटही दाखवली. २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात हजारो तळी खोदली. पावसाचे पाणी शेतातच अडले, कूपनलिकांवरचा भार हलका झाला. माणसाची तहान आणि पाखरांचे पाणी दर वेळी एकमेकांच्या विरोधातच उभे असतात असे नाही, हा त्यातला धडा.

जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला उदयपूरसोबत 'पाणथळ शहर' अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण मान्यतेची खरी परीक्षा दुष्काळाच्या वर्षी होते. दरवर्षी पावसाळा सरताच तळाशी राखायच्या पाण्याची पातळी जाहीर करावी आणि काठावर सर्वांना दिसेल अशी खूण रोवावी. यशवंत सागरावर तर हवीच. नंदा तळ्यावरही ती असावी, असा आग्रह आपण गोमंतकीयांनी आतापासूनच धरायला हवा.