डबा वाकला नाही, एवढंच

प्लास्टिकच्या डब्याच्या बुडावर 'डिशवॉशर सेफ' असं छापलेलं दिसलं की आपण निर्धास्त होतो. डबा कपाटात, रस्सा डब्यात, डबा मायक्रोवेव्हमध्ये आणि रात्री मशीनमध्ये. माझं म्हणणं एवढंच आहे की तो शिक्का डब्याच्या तब्येतीची हमी देतो, आपल्या तब्येतीची नाही. प्लास्टिक मशीनमधून बाहेर काढावं, आणि जमेल तितकं गरम, तेलकट, आंबट जेवणापासूनही लांब ठेवावं. मशीनला मात्र बोल लावू नये. त्याची बाजू पुढे मांडतोच.

आधी शिक्क्याचं बघू. युरोपात ईएन 12875 नावाचं मानक आहे. त्यात भांडं मशीनमध्ये पुन्हापुन्हा धुतात आणि तपासतात: रंग उडाला का, तडा गेला का, चकाकी उतरली का. भांड्यातून अन्नात काय उतरतं, ही तपासणी निराळी. प्लास्टिकसाठी तिचे युरोपीय नियम 2011 सालचे आहेत, आणि पुन्हापुन्हा वापरायच्या भांड्याची ती चाचणी एकाच नमुन्यावर तीनदा करतात. तीनदा! आपला डबा आठवड्यातून दोन-तीनदा मशीनमध्ये जातो आणि वर्षानुवर्षं जात राहतो. नव्या कोऱ्या डब्याचे मार्क आपण म्हाताऱ्या डब्याला देऊन मोकळे होतो.

मशीनच्या आत पाणी साधारण 50 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. त्यातली पावडर किंवा गोळी धुण्याच्या सोड्याच्या जातीची, हाताच्या साबणापेक्षा कितीतरी जास्त अल्कधर्मी असते. इथे अमेरिकेतल्या बऱ्याच मशीनच्या तळाशी भांडी वाळवण्यासाठी तापणारं कडं असतं, म्हणून डब्यावर 'फक्त वरच्या कप्प्यात' अशी तळटीप असते. ती तळटीप आपल्यातले किती जण पाळतात, ते ज्याचं त्याने ठरवावं. त्रिकोणात 5 आकडा असलेला डबा पॉलिप्रॉपिलीनचा. ते 160 अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा वितळायची भीती नाही. पण वितळणं वेगळं आणि झिजणं वेगळं. 1 आकड्याच्या पाण्याच्या बाटल्या तर सत्तरीतच मऊ पडतात. त्यांना मशीन दाखवूही नये.

धुण्यानेच प्लास्टिकची अब्रू गेल्याचं एक प्रकरण अमेरिकेतच घडलं. 1998 साली क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या स्त्रीबीजांचा अभ्यास चालू होता. एरवी एक-दोन टक्के बीजांत दिसणारा दोष अचानक 40 टक्क्यांवर गेला. शोध घेतल्यावर कळलं की पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून फरशीच्या जहाल साबणाने धुतल्या गेल्या होत्या. भांडी पॉलिकार्बोनेटची. त्या साबणाने ती फोडली आणि त्यातून बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, बाहेर पडत राहिलं. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झालं. तो साबण फरशीचा होता, आपली गोळी नव्हे, आणि आपण उंदीरही नाही. तरी भांडं दिसायला धड असताना आतून सुटत जातं, हे त्या पिंजऱ्यांनी दाखवलं.

पुढे 2022 मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी खेळाडूंच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत चोवीस तास पाणी ठेवून पाहिलं, मशीनमध्ये धुण्याआधी आणि धुतल्यावर. बाटलीच्या प्लास्टिकमधून आलेले 400 हून अधिक पदार्थ पाण्यात सापडले, आणि मशीनच्या साबणाचे 3,500 हून अधिक. त्यातल्या बहुतेकांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे कुणालाच नीट ठाऊक नाही. सापडलं म्हणजे बाधलंच असं नव्हे, हे मान्य. पण 2020 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने पॉलिप्रॉपिलीनच्या बाळाच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा पाणी जितकं गरम तितके प्लास्टिकचे सूक्ष्म कण जास्त, असं स्वच्छ दिसलं. दूध करायच्या नेहमीच्या पद्धतीत लिटरमागे 1 कोटी 60 लाखांपर्यंत.

आता आपल्या जेवणाकडे येऊ, कारण या सगळ्या चाचण्यांत तांबडा रस्सा कुणी घातलेला नाही. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. आमच्याकडे मटणाच्या रश्श्यावर तवंग नसेल तर जेवणारा ताटावरून उठायचा नाही, पण चेहऱ्यावरून कळायचं. कांदा-लसूण चटणी तेलात परतलेली, त्यात मिरचीचा लाल रंग तेलात विरघळलेला. हा रस्सा प्लास्टिकच्या डब्यात एक रात्र ठेवा आणि मशीनमधून काढा. डबा केशरी. पुन्हा लावा, तरी केशरीच. कारण रंग डब्यावर बसलेला नसतो, तेलाबरोबर डब्यात शिरलेला असतो. बोट फिरवलं तर काही लागत नाही, नाक जवळ नेलं तर लसूण येतो. मायक्रोवेव्हमध्ये रस्सा उकळला असेल तर तवंगाच्या रेषेवर खरखरीत पांढुरका पट्टा दिसेल. उकळत्या पाण्यापेक्षा तेल जास्त तापतं, त्याने तिथलं प्लास्टिक खाल्लेलं असतं. (केशरी रंग कडक उन्हात ठेवला तर उडतो. खरखर उडत नाही.) ज्या डब्यात तेल आत जाऊ शकतं, त्या डब्यातलं काहीबाही तेलात बाहेरही येऊ शकतं. यासाठी मला प्रयोगशाळा लागत नाही.

भांडं आणि अन्न यांचं आपसात काही चालतं, हे आमच्या पेठेतल्या बायकांना पक्कं माहीत होतं. ताक पितळीत ठेवलेलं दिसलं की काकी ओरडायच्या, "अरं, कळकंल की ते!" चिंचेचं सार कल्हई उडालेल्या पातेल्यात कुणी करत नसे. कल्हईवाला गल्लीत यायचा, जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघायचा, आणि कथलाचा तुकडा कापसाच्या बोळ्याने फिरवला की आतून पातेलं चांदीसारखं. मुद्दा त्या चमकेचा नाही. मुद्दा हा की कल्हई झिजते हे सगळ्यांना माहीत होतं आणि झिजली की भांडं थांबवलं जायचं. मग स्टील आलं, त्याला तीही उस्तवार नको. आणि मग जुन्या साड्यांवर स्टीलची पातेली देणारी बाईच एक दिवस प्लास्टिकचे टब आणि डबे घेऊन दारात आली. प्लास्टिकचा डबा कधी थांबवायचा, हे तिने सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही.

पण म्हणून मी 'हाताने घासा, जुनं ते सोनं' असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत नाही. थंडीच्या दिवसांत मोरीत राखेने भांडी घासून बायकांच्या बोटांना पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत. त्या राखेच्या आठवणी काढून हळवं होण्यात पुरुषमंडळी पुढे असतात, कारण घासायला ती नव्हती. चांगलं मशीन एका फेरीला साधारण 10 ते 15 लिटर पाण्यात घरभराची भांडी काढतं. लॉकडाऊनच्या 2020 सालात भारतातही ही मशीनं झपाट्याने खपली, आणि कढईसाठी खास 70 अंशांची फेरी असलेली मशीनं तिथे मिळतात. कढईला ते उत्तम. प्लास्टिकला तेच वाईट. शिवाय प्लास्टिक हाताने धुतलं म्हणून सुटका होते असंही नाही. तारेच्या घासणीचे ओरखडे पडले की झीज आणखी वाढते. मऊ स्पंज, कोमट पाणी, एवढंच त्याला सोसतं.

इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या एका मित्राचा नेहमीचा सवाल: "इतकी वर्षं वापरतोय, काय झालं?" याला उत्तर देता येत नाही, आणि तोच सवालातला डाव आहे. 2023 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीएची रोजची सुसह्य मात्रा 20,000 पटींनी खाली आणली, आणि 2024 च्या डिसेंबरात युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमधून त्याला हद्दपार करायचं ठरवलं. अमेरिकेच्या एफडीएने 2012 मध्ये बाळाच्या बाटल्यांतून बीपीए काढलं, पण बाकी ठिकाणी सध्याचं प्रमाण सुरक्षित आहे अशीच भूमिका घेतली. 'बीपीए-फ्री' लिहिलेल्या वस्तूंत कधीकधी त्याचाच भाऊबंद बीपीएस असतो. दोन मोठ्या संस्थांचं जुळत नसताना निवाडा करायला मी कोण? पण स्टीलचा डबा एका पिझ्झाच्या पैशात येतो आणि नातवंडांपर्यंत टिकतो. मग वाट तरी कशाची बघायची?

मायक्रोवेव्हची अडचण खरी आहे, तिथे स्टील चालत नाही. त्यासाठी काचेचे डबे घ्यावेत, आणि त्यांची प्लास्टिकची झाकणं हाताने धुवावीत. प्लास्टिक डाळ-तांदूळ, पोहे, शेंगदाणे अशा कोरड्या जिनसांना राहू द्यावं. खरखरीत, पांढुरका किंवा चिकट झालेला डबा थांबवावा. हॉटेलातून आलेले पातळ डबे जपून ठेवायची आपली जात मला ठाऊक आहे, त्यांत खिळे-स्क्रू ठेवा. पितळ, तांबं, अॅल्युमिनियम आणि बिडाचा तवा मशीनमध्ये घालू नका, तिथे तीही खराब होतात.

राहिलं आपलं मंडळ. गणपतीच्या महाप्रसादानंतर उरलेली आमटी आणि मसालेभात आपण वाफाळत असतानाच प्लास्टिकच्या डब्यांत भरून वाटतो. ते डबे पुढे घरोघरी मशीनमध्ये फिरत राहतात. हे यंदापासून बंद करावं अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे. प्रत्येकाने घरून स्टीलचा डबा आणावा. डबे एकमेकांत मिसळतील ही हरकत दरवेळी येते. तिच्यावर कोल्हापुरात जुना इलाज आहे. भांड्यांच्या दुकानात लग्नाच्या आहेराच्या भांड्यांवर नाव घालून देतात, तसं गावी गेलात की झाकणावर आणि बुडावर घालून घ्या. तोवर टिकलीएवढी चिकटपट्टी आणि पेन चालेल.