देवळाची सोनोग्राफी

आमच्या कॅम्प तीनमधल्या घरी पाहुणे आले की त्यांना अंबरनाथचं शिवमंदिर दाखवायचं काम माझ्याकडे. परवा रविवारी मामा आले होते. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेल्यावर म्हणाले, "अरे इंजिनीअर, याच्या खाली काय असेल रे?" मी गप्प! :)

देऊळ शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातलं. १८६८ साली सरकारने त्याची रेखाचित्रं आणि नक्षीचे साचे करून घेतले. पण रेखाचित्रात दगडाची पाठ दिसते, पोट नाही.

पोट बघायला आता रडार आहे, जीपीआर. लॉन कापायच्या मशीनसारखं जमिनीवरून ढकलत न्यायचं. ते खाली रेडिओ लहरी सोडतं. पोकळी, तडा किंवा ओल लागली की लहरी परततात. कोरड्या दगडाचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट दहाच्या आत, पाण्याचा ८० च्या आसपास, त्यामुळे मुरलेलं पाणी लपत नाही. एक चिराही हलवावा लागत नाही.

आपल्याकडे हे रडार बातमीत येतं ते खजिन्यासाठी. २०२४ साली पुरीच्या रत्नभांडारात ते फिरलं तेव्हा सगळी चर्चा गुप्त दालनांचीच. माझ्या मते आपल्या देवळात शोधायचंय ते पाणी. देऊळ वालधुनीच्या काठावर, नदीत कारखान्यांचं सांडपाणी, आणि दर पावसाळ्यात पाणी चढतं. पायाखालची माती वाहून गेली तर ते वरून कळणार कसं? भिंतीला तडा गेल्यावरच ना?

अर्थात रडार म्हणजे जादू नव्हे. ओल्या चिकणमातीत सिग्नल मरतो. खोल बघायचं तर बारीक तपशील जातो, तपशील हवा तर खोली जाते. शिवाय ते चित्र वाचायला जाणकार लागतो. म्हणून एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीनंतर फिरवावं, आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवावीत. दरवर्षी. फरक दिसेल तिथेच दुखणं.

गेल्या काही वर्षांत परिसराच्या सुशोभीकरणासाठी कोट्यवधींच्या घोषणा झाल्या. घाट व्हावेत, दिवे लागावेत, माझी तक्रार नाही. पण आम्ही चार ओळींचा कोड बदलतानाही आधी बॅकअप घेतो. साडेनऊशे वर्षांच्या देवळाशेजारी कुदळ मारण्याआधी निदान खाली बघून तरी घ्या!

असो. मामा पुन्हा येतील तेव्हा मला उत्तर द्यायचंय. तुम्हाला काय वाटतं?