संदर्भाची ओळ

सरकारी कचेरीतून बाहेर पडणाऱ्या पत्राच्या शिरोभागी ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ अशा दोन ओळी असतात. पत्र कशासंबंधी आहे ते पहिली ओळ सांगते. ते कोणत्या शासननिर्णयाच्या, कोणत्या अर्जाच्या वा पूर्वीच्या कोणत्या पत्राच्या आधारे लिहिले आहे, हे दुसरी ओळ क्रमांक आणि दिनांकासह सांगते. ही दुसरी ओळ वगळून वर पाठविलेली टिप्पणी शेरा मारून परत येते, हे नव्या लिपिकाला नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांतच उमगते. जळगाव वा धुळे जिल्ह्यातील शेतकऱ्यालाही हा न्याय अपरिचित नाही. त्याच्या सातबारा उताऱ्यावर नावापाशी फेरफाराचा क्रमांक असतो. हे नाव येथे कसे आले असा वाद उपस्थित झाला, की त्या क्रमांकाचा माग काढीत महसुली दप्तरातील मूळ नोंदीपर्यंत पोहोचता येते. क्रमांकच नसेल तर ती नोंद म्हणजे कोणी तरी लिहून ठेवलेले एक नाव, याहून अधिक काही नव्हे.

मग त्याच लिपिकाचा वा त्याच शेतकऱ्याचा मुलगा महाविद्यालयात निबंध, प्रकल्प-अहवाल किंवा प्रबंध लिहावयास बसला की ही साधी शिस्त कोठे हरवते? पानेच्या पाने भरतात. पण त्यातील विचार कोणाचा, माहिती कोठली, याचा पत्ता लागत नाही. ‘विद्वानांच्या मते’ या दोन शब्दांवर मोठमोठी विधाने उभी केली जातात. अखेरीस ग्रंथांची लांबलचक यादी जोडलेली असते. परंतु त्यातील कोणत्या ग्रंथाचे कोणते पान लेखनात कोठे उपयोगी पडले, हे लेखकालाही सांगता येत नाही. याला केवळ विद्यार्थ्यांचा अप्रामाणिकपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः बहुतेकांना ही गोष्ट कोणी शिकविलेलीच नसते. शाळेत निबंध म्हणजे पाठ केलेला आणि सुभाषितांनी सजविलेला मजकूर. त्याला गुण मिळत असतात ते ओघाला, आधाराला नव्हे. ती सवय घेऊन आलेल्या मुलाकडून महाविद्यालय एकाएकी संशोधनाची अपेक्षा करू लागते.

संदर्भ न दिल्याने होते काय, असा प्रश्न येथे उपस्थित केला जाईल. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख त्याचे उत्तर देऊ शकेल. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला शके ११२८ मध्ये दान दिले, असे त्यात नमूद आहे. मुक्ताईच्या कथेतील योगी चांगदेव ते हे नव्हेत. खानदेशच्या दृष्टीने हे साधन अमोल होय. तथापि, ‘भास्कराचार्यांचा जन्म पाटण येथे झाला, असे शिलालेखात म्हटले आहे’ असे जेव्हा कोणी लिहून जातो, तेव्हा तो शिलालेखाच्या तोंडी स्वतःचे शब्द घालत असतो. लेखात कुळाची परंपरा आहे, मठाची हकीकत आहे, दानांचा तपशील आहे. जन्मस्थानाचा निर्वाळा नाही. आपल्या गावाचे नाव भास्कराचार्यांनी स्वतः ‘गोलाध्याया’त सांगितले आहे, ते सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड. हे विज्जडविड म्हणजे विजापूर, की पाटणचा परिसर, की आणखी कोणते गाव, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पाटणच्या बाजूने युक्तिवाद करण्यास कोणाचीच हरकत नाही. नातवाचा मठ तेथे होता, हा त्या बाजूचा चांगला पुरावाही आहे. परंतु पुरावा आणि अनुमान यांतील रेषा पुसली गेली, तर उद्या एखादा जाणकार मूळ लेख उघडून पाहील आणि एका चुकीच्या वाक्यापायी सबंध प्रतिपादनावरचा त्याचा विश्वास उडेल. प्रदेशाच्या अभिमानाची हानी विरोधकांपेक्षा अशा निष्काळजी अभिमान्यांकडूनच अधिक होत असते.

ज्यांच्या नावाने हा वाद होतो, त्या भास्कराचार्यांची स्वतःची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. ‘बीजगणिता’च्या समारोपात त्यांनी ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ या पूर्वसूरींची नावे घेऊन, त्यांचे ग्रंथ अतिविस्तृत असल्याने त्यांतील सार आपण शिष्यांसाठी काढले, असे मोकळेपणाने सांगितले आहे. वर्गसमीकरण सोडविण्याची एक महत्त्वाची रीत देताना ती श्रीधराचार्यांची असल्याचेही त्यांनी नमूद केले. आज श्रीधराचार्यांचा बीजगणितावरील ग्रंथ उपलब्ध नाही आणि पद्मनाभांचाही नाही. श्रीधरांची ती रीत त्यांच्या नावासह टिकली, ती भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात तिची नोंद ठेवली म्हणून. त्यांनी नाव गाळले असते, तर तत्काळ कोणाच्या लक्षात आले नसते, कदाचित त्यांची स्वतःची कीर्तीही वाढली असती; पण एका गणितज्ञाचे कर्तृत्व कायमचे पुसले गेले असते. संदर्भ म्हणजे केवळ ऋणाची कबुली नव्हे. मूळ ग्रंथ काळाच्या उदरात गडप झाल्यावरही त्यातील एखादा कण जिवंत ठेवण्याचे सामर्थ्य त्या एका ओळीत असते.

धुळ्याचा वारसाही याच जातीचा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे आयुष्य कागदपत्रांच्या शोधात गावोगाव हिंडण्यात गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे देहावसान झाले, आणि १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे खंडांची संख्या २२ पर्यंत गेली. बखरीतील रंगतदार हकीकत बाजूला सारून अस्सल पत्र पुढे ठेवणे आणि मग बोलणे, हा धडा त्यांनी मराठी इतिहासलेखनाला घालून दिला. त्यांची कित्येक अनुमाने पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढली. पण खोडून काढता आली, ती मूळ पत्रे त्यांनी सर्वांसमोर छापून ठेवली होती म्हणूनच. याची दुसरी बाजूही राजवाड्यांच्याच चरित्रात सापडते. जुन्या पोथीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. मात्र ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांना पाहावयास मिळेनाशी झाली. परिणामी त्या पाठाविषयीच्या शंकांचे पूर्ण निरसन आजही करता येत नाही. एवढ्या थोर संशोधकाच्या बाबतीतही नुसत्या विश्वासावर भागत नसेल, तर पदवीच्या विद्यार्थ्याने ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे वाचकाला कोणत्या अधिकाराने सांगावे?

खानदेशात आणखी दोन उदाहरणे अशी आहेत की, ती प्रत्येक वर्गात सांगितली जावीत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. साने गुरुजी स्वतः सिद्धहस्त लेखक. तरीही ‘गीता प्रवचने’ विनोबांच्याच नावाने लोकांपुढे आली आणि ती टिपणारा हात कोणाचा, हेही लोकांना ठाऊक राहिले. दुसरे उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे. आसोद्याच्या या लेकीला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांची गाणी उतरवून घेतली, आणि १९५१ मध्ये बहिणाबाई निवर्तल्यानंतर १९५२ साली ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सोपानदेव हेही कवी होते. आईचे शब्द आईच्याच नावावर राहिले, म्हणून जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देता आले. ज्या विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर हे नाव छापलेले असते, तेथील विद्यार्थ्याने दुसऱ्याचे वाक्य आपल्या नावावर खपवावे, यापेक्षा मोठी विसंगती ती कोणती?

तेव्हा रीत कोणती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर ते अवतरणचिन्हांत असावेत आणि त्यांतील काना-मात्राही बदलू नये. शब्द आपले पण विचार दुसऱ्याचा असेल, तर अवतरणचिन्हे नकोत. मात्र नाव हवेच. इंग्रजी वा हिंदी ग्रंथातील परिच्छेदाचे मराठी केल्याने तो आपला होत नाही. अनुवाद हीही उसनवारीच आहे. संदर्भात लेखक, ग्रंथ, प्रकाशक, आवृत्ती आणि तिचे वर्ष यांबरोबर पृष्ठांक असलाच पाहिजे, कारण तीनशे पानांच्या ग्रंथाचे नुसते नाव सांगणे म्हणजे घराचा पत्ता विचारणाऱ्याला तालुका सांगण्यासारखे आहे. जुन्या कागदाची मिती मुळात असेल तशी द्यावी आणि मग इसवी सन लिहावा. पाटणच्या लेखातील शके ११२८ कोठे १२०६, तर कोठे १२०७ असे रूपांतरित झालेले आढळते, आणि मूळ शक दिलेला नसेल तर वाचक उगाच घोटाळ्यात पडतो. गावातील वृद्धांकडून माहिती घेतली असेल, तर कोणाकडून, कोठे आणि कोणत्या दिवशी, हे त्यांच्या संमतीने नोंदवावे. सूर्य पूर्वेला उगवतो, यासारख्या सर्वज्ञात गोष्टीला आधाराची गरज नाही, हेही तितकेच खरे.

ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापक यावर एक अडचण पुढे करतील, आणि ती रास्त आहे. शहादा, पारोळा वा यावल येथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला राजवाड्यांचे सर्व खंड वा कोरीव लेखांचे जुने संग्रह हाताशी कोठून मिळणार? त्याला ते दुसऱ्याच्या पुस्तकातून कळतात. त्याने तसेच लिहावे. अमुक ग्रंथातील मजकूर तमुक ग्रंथात उद्धृत केलेला वाचला, असे म्हणण्यात कमीपणा नाही. न पाहिलेल्या ग्रंथाचा पृष्ठांक देणे मात्र खोटी साक्ष देण्यासारखे आहे. मधल्या लेखकाची चूक अशा वेळी आपल्या माथी येते. ग्रंथालय लहान असणे हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे. ते लहान नसल्याचे भासविणे हा दोष मात्र त्याचाच ठरतो.

अलीकडे या प्रश्नाची तड यंत्रावर सोपविण्याची प्रवृत्ती वाढली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सुधारित लेखन सहा महिन्यांच्या आत सादर करावयाचे. ६० टक्क्यांपर्यंत असल्यास एक वर्षाची बंदी. आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द. नियम आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु यंत्र शब्दांचे साम्य मोजते. विचाराची मालकी त्याला कळत नाही. त्यामुळे कित्येकांच्या लेखी प्रामाणिकपणा म्हणजे टक्केवारी खाली आणणे, एवढाच अर्थ उरला आहे. शब्दांच्या जागी प्रतिशब्द घातले, वाक्ये उलटीसुलटी केली, की आकडा उतरतो आणि चोरी तशीच राहते. योग्य अवतरणचिन्हे आणि आधार देऊन घेतलेला उतारा हेच नियम मोजणीतून वगळतात, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांच्या लक्षात असते. त्यात आता सांगाल त्या विषयावर क्षणार्धात निबंध रचून देणारी संगणकीय साधने आली आहेत. कधीही न लिहिल्या गेलेल्या ग्रंथांची नावे ती लेखक आणि वर्षासह बिनदिक्कत पुरवितात. टक्केवारी मोजणाऱ्या यंत्राला ही लबाडी उमगेलच असे नाही. यादीतील एखादे पुस्तक मागवून ते उघडून पाहणारा अध्यापकच ती पकडू शकतो.

उपाय शेवटी वर्गातच आहे. प्रबंधाच्या वेळी एखादे व्याख्यान ठेवून ही सवय लागणार नाही. शाळेच्या वरच्या इयत्तांपासून वर्षातून निदान एक निबंध असा असावा की, त्यात विद्यार्थ्याने तीनच आधार द्यावेत, पण ते स्वतः पाहिलेले असावेत आणि शिक्षकांनी त्यातला एक तरी पडताळून पाहावा. अशा निबंधात भाषेच्या डौलाइतकेच गुण आधाराच्या अचूकपणाला द्यावेत. अध्यापकांनी आपल्या टिपणांवरही ती कोठून घेतली हे लिहावे, कारण फळ्यावर जे दिसत नाही ते वहीत उतरत नाही. यासाठी अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि थोडा आग्रह.

आठशे वर्षांपूर्वी चाळीसगावच्या डोंगराच्या पायथ्याशी एका नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ काढला आणि ते ग्रंथ कोणाचे, हे दगडात कोरून ठेवले. त्याच खानदेशातील आजच्या विद्यार्थ्याला दगड कोरावयाचा नाही. त्याने पानाच्या तळाशी एक खरी ओळ लिहावी, एवढीच अपेक्षा आहे.